केटरिंगचे सोबती

ज्या धर्मपंथात बिशप नाही, धर्माध्यक्ष नाही, एका मंडळीवर दुसऱ्या मंडळीची सत्ता चालत नाही, आणि पाळकाच्या बदलीचा हुकूम काढणारे किंवा त्याच्या म्हातारपणाची तजवीज करणारे दफ्तरही कोठे अस्तित्वात नाही, त्या पंथातील एखाद्या खेडेगावच्या पाळकाने आपल्या शंका, आपले दारिद्र्य आणि आपली दुःखे न्यावी तरी कोणाकडे, हा प्रश्न सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या बॅप्टिस्ट पंथापुढे त्याच्या जन्मापासूनच उभा होता. विश्वासणाऱ्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन मंडळी स्थापावी, कळत्या वयात स्वमुखाने विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घ्यावा, आपला पाळक आपणच निवडावा, आणि राजसत्तेने श्रद्धेच्या कारभारात हात घालू नये, ही या लोकांची तत्त्वे होती. त्यांपायी त्यांनी तुरुंगवास सोसला, दंड भरले, आणि १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने उपासनेची मोकळीक मिळाल्यानंतरही सरकारी अधिकारपदे व जुन्या विद्यापीठांच्या पदव्या यांपासून ते पुढे दीर्घकाळ वंचितच राहिले. परंतु ज्याच्यावर कोणी वरिष्ठ नाही, त्याला पाठीशी घालणाराही कोणी वरिष्ठ नसतो. स्वातंत्र्याची ही किंमत मंडळीपेक्षा पाळकालाच अधिक मोजावी लागे. आणि ती सुसह्य व्हावी म्हणून या पाळकांनी परस्परांत स्नेहाची व साहाय्याची जी वहिवाट पाडली, तिचा इतिहास त्यांच्या धर्ममतांच्या इतिहासाइतकाच मननीय आहे.

ही वहिवाट एका दिवसात पडली नाही. १६४४ साली लंडनमधील सात मंडळ्यांनी एकत्रितपणे आपले विश्वासपत्र प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर दहा वर्षे लोटण्याच्या आत ॲबिंग्डनच्या परिसरातील मंडळ्यांनी आपसांत संघ स्थापताना असा विचार मांडला की, एका मंडळीतील व्यक्तींना ज्या कारणांसाठी एकमेकांची गरज असते, त्याच कारणांसाठी मंडळ्यांनाही एकमेकींची गरज असते. १६८९ साली लंडनला भरलेल्या महासभेस शंभराहून अधिक मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा आपणांस कोणत्याही मंडळीवर अधिकार चालविण्याचा हक्क नाही, ही गोष्ट त्यांनी प्रथम निःसंदिग्ध शब्दांत नमूद केली, आणि मग ज्या मंडळ्यांना आपल्या पाळकाचा योगक्षेम चालविणे शक्य नाही त्यांच्यासाठी सामाईक निधी उभारण्याचा ठराव केला. अधिकार नाकारावयाचा आणि जबाबदारी मात्र स्वीकारावयाची, हा त्यांचा विलक्षण क्रम पुढील दीडशे वर्षे टिकला. १७१७ मध्ये गरीब पाळकांच्या साहाय्यासाठी लंडनमध्ये ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्ट फंड’ स्थापन झाला. १७३३ मध्ये राजमान्य चर्चच्या बाहेरील तिन्ही प्रमुख पंथांनी मिळून पाळकांच्या विधवा व मुले यांच्यासाठी निधी उभारला. या निधींतून मिळणारी मदत वर्षाकाठी चार-पाच पौंडांच्या घरातली असे, परंतु ज्याचे सारे उत्पन्नच दहा-बारा पौंड आहे त्याच्या संसारात तेवढ्यानेही मोठा फरक पडे.

लंडनचा निधी पैसा पाठवू शके. सोबत पाठविणे त्याच्या आवाक्यात नव्हते. ती उणीव प्रांतोप्रांतीच्या संघांनी भरून काढली, आणि त्या सर्वांत जो इतिहासात सर्वाधिक प्रसिद्धी पावला, तो नॉर्दम्प्टनशायरचा संघ १७६४ मध्ये केटरिंग येथे स्थापन झाला. कातडे कमावणे, जोडे शिवणे आणि विणकाम यांवर जगणारा हा मध्य इंग्लंडचा मुलूख. येथील मंडळ्या लहान, आणि एका पाळकाचे घर दुसऱ्याच्या घरापासून दहा-पंधरा मैलांवर. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाच्या आठवड्यात पाळ्यापाळीने एकेका गावी संघाची बैठक भरे. प्रत्येक मंडळीने धाडलेले पत्र तेथे वाचले जाई: वर्षभरात किती नवे सभासद आले, किती वारले, किती जणांना मंडळीबाहेर काढावे लागले, पाळकाची प्रकृती कशी आहे, मंडळीत कलह आहे की सलोखा आहे. दोन-तीन प्रवचने होत. आणि जमलेल्या पाळकांपैकी एकाने सर्वांच्या वतीने लिहिलेले एक पत्र मंजूर होऊन छापले जाई व मंडळ्यामंडळ्यांतून वाचले जाई. या सगळ्यात कोठेही हुकूम नव्हता. ज्याला संघाचा सल्ला पटणार नाही तो आपल्या मार्गाने जाण्यास मोकळा होता. तथापि, वर्षातून एकदा आपल्या कामाचा हिशेब समानशीलांच्या समोर उघडा करावा लागतो, ही जाणीव एकाकी माणसाला ताळ्यावर ठेवण्यास आणि त्याहूनही त्याला धीर देण्यास पुरेशी होती.

१७७६ साली ओल्नी येथे भरलेल्या अशाच एका बैठकीत अँड्र्यू फुलर आणि जॉन सट्क्लिफ यांची पहिली भेट झाली. फुलर बावीस वर्षांचा होता. केंब्रिजशायरमधील सोहॅम या गावी पाळक असलेल्या या शेतकरीपुत्राने कोणत्याही विद्यालयात धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते, अंगाने तो धिप्पाड आणि बोलण्यात रोखठोक होता. सट्क्लिफ यॉर्कशायरचा, ब्रिस्टलच्या बॅप्टिस्ट विद्यालयात शिकलेला, मितभाषी आणि ग्रंथप्रेमी. त्यांचा तिसरा सोबती जॉन रायलंड नॉर्दम्प्टनच्या कॉलेज लेनच्या मंडळीत आपल्याच वडिलांच्या हाताखाली तयार झाला. बालपणीच हिब्रू वाचू लागलेला हा गृहस्थ विद्वत्तेत दोघांहून वरचढ आणि स्वभावाने भिडस्त होता. तिघांची वये जवळजवळ सारखी होती आणि तिघांना एकच शंका छळीत होती: ज्यांची निवड ईश्वराने आधीच केली आहे तेच तरणार असतील, तर सर्वांना पश्चात्तापाचे आवाहन करण्याचा अधिकार उपदेशकाला पोहोचतो काय? त्या काळचे बरेच वडीलधारे पाळक या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देत असल्यामुळे त्यांची प्रवचने आधीच विश्वासात आलेल्यांच्या पलीकडे पोहोचत नसत, आणि मंडळ्या वर्षानुवर्षे जागच्या जागी राहत.

या प्रश्नाची उकल त्यांनी ज्या रीतीने केली तीत पाळकांच्या परस्परसाहाय्याचा पहिला आणि बहुधा सर्वांत टिकाऊ प्रकार दिसतो, तो म्हणजे ग्रंथांची देवघेव. आर्न्सबीचा ज्येष्ठ पाळक रॉबर्ट हॉल याने १७७५ साली फुलरला अमेरिकन धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स याचा इच्छास्वातंत्र्यावरील ग्रंथ वाचण्याची शिफारस केली. सोहॅमच्या या पाळकाजवळ ना ग्रंथसंग्रह होता ना ग्रंथ पारखून देणारा कोणी जवळ होता. त्याने केंब्रिजच्या जॉन एडवर्ड्सचे एक वेगळेच पुस्तक मिळविले, ते बरे वाटल्याने निमूटपणे वाचले, आणि हॉलने सांगितलेला ग्रंथ हा नव्हेच, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येण्यास १७७७ साल उजाडावे लागले. नावांचा हा घोळ आज हास्यास्पद वाटेल, परंतु एका शिफारशीवर माणसाच्या विचारांची दिशा किती अवलंबून होती हे त्यावरून उमगते. पुढे १७८५ मध्ये फुलरने सुवार्तेचे आवाहन सर्वांसाठी आहे, असे प्रतिपादन करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यामागे हॉलची शिफारस, सट्क्लिफचा ग्रंथसंग्रह आणि रायलंडशी झालेली दीर्घ चर्चा उभी होती. लेखणी एकाची असली तरी विचार मंडळाचा होता.

दरम्यान सोहॅममध्ये फुलरचे भागेना. पगार अपुरा, संसार वाढता, आणि पूरक उत्पन्नासाठी काढलेली शाळाही चालली नाही. केटरिंगच्या मंडळीने त्याला बोलाविले. परंतु सोहॅमच्या गरीब मंडळीला सोडून जाणे योग्य की अयोग्य, या विवंचनेत त्याने एक वर्षाहून अधिक काळ घालविला, शेजारच्या पाळकांचा सल्ला घेतला, आणि अखेरीस १७८२ च्या ऑक्टोबरमध्ये तो केटरिंगला आला. आता तिघे एकमेकांपासून घोड्यावरून एका दिवसाच्या आत गाठता येतील इतक्या अंतरावर होते. संघाच्या वार्षिक बैठकीखेरीज त्यांनी केवळ पाळकांच्या छोट्या सभा भरविण्यास आरंभ केला. त्या दिवशी उपवास करावयाचा, प्रार्थना करावयाची आणि एखाद्या प्रश्नावर मोकळेपणाने बोलावयाचे. १७८५ साली नॉर्दम्प्टनला भरलेल्या अशा एका सभेत, आमच्या कार्यास यश येत नाही याची कारणे आम्हां पाळकांतच किती प्रमाणात आहेत, हा प्रश्न चर्चेस घेतला गेल्याची नोंद फुलरच्या रोजनिशीत आहे. आणि चर्चेत निघालेले एक कारण असे की, उपदेशक शास्त्र वाचतो ते दुसऱ्यांना सांगण्यासाठी, स्वतःसाठी वाचण्याचे मात्र विसरतो. आपल्या मंडळीसमोर पाळकाला असे बोलता येत नाही, कारण तेथे तो वडील असतो. घरी बोलावे तर ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. बरोबरीच्या माणसांत बसूनच अशी कबुली देता येते.

या मंडळातून निघालेला पहिला सार्वजनिक उपक्रम प्रार्थनेचा होता. १७८४ च्या वसंतात एडिंबरोचा धर्मोपदेशक जॉन अर्स्किन याने रायलंडला जोनाथन एडवर्ड्सची एक जुनी पुस्तिका धाडली. निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती लोकांनी ठराविक वेळी एकदिलाने प्रार्थना करावी, असे तीत सुचविलेले होते. अर्स्किन स्कॉटलंडच्या चर्चचा, एडवर्ड्स अमेरिकेतील काँग्रिगेशनल पंथाचा, आणि पुस्तिका हाती पडली ती बॅप्टिस्टांच्या. पंथभेदाच्या भिंती ओलांडून हा पत्रव्यवहार चालला होता. रायलंडने ती सट्क्लिफ व फुलर यांना दाखविली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये नॉटिंगहॅमला संघ जमला असता सट्क्लिफने ठराव मांडला की, प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी एक तास सर्व मंडळ्यांनी प्रार्थनेसाठी जमावे, आणि ती प्रार्थना केवळ आपल्या मंडळीपुरती न ठेवता पृथ्वीच्या शेवटापर्यंत पोहोचवावी. इतर पंथीयांनीही त्यात सामील व्हावे असे आवाहन केले गेले. तोपर्यंत आपल्या लहानशा मंडळीच्या हद्दीत दृष्टी बांधून घेतलेल्या पाळकांना हा तास दर महिन्याला त्या हद्दीबाहेर पाहण्यास भाग पाडीत होता.

याच काळात या मंडळात चौथा माणूस आला. पॉलर्सपरी येथील एका विणकराचा मुलगा विल्यम कॅरी हा जोडे शिवण्याचा धंदा करी. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी रायलंडने नीन नदीत त्याला बाप्तिस्मा दिला, तेव्हा रायलंडच्या लेखी तो एक गरीब मोची कारागीर होता, एवढेच. १७८५ पासून तो मौल्टनच्या मंडळीचे काम पाहू लागला. मंडळीकडून मिळणारे दहा-अकरा पौंड आणि लंडनच्या निधीतून मिळणारे पाच पौंड, एवढ्यात घर चालेना म्हणून तो शाळा चालवी आणि पाठीवर जोड्यांची गठडी टाकून नॉर्दम्प्टनला जाई. सट्क्लिफने त्याच्या लॅटिनच्या अभ्यासास मदत केली. फुलरच्या मंडळीतील व्यापारी टॉमस गॉच याने, जोडे शिवण्यात जाणारा वेळ कॅरीने अभ्यासास द्यावा म्हणून, आठवड्याला दहा शिलिंग देण्याचे ठरविले, अशी आठवण त्या मंडळात सांगितली जाई. १ ऑगस्ट १७८७ रोजी मौल्टनला त्याची पाळकदीक्षा झाली, तेव्हा रायलंड, सट्क्लिफ आणि फुलर हे तिघेही हजर होते. बॅप्टिस्टांच्या रिवाजाप्रमाणे पाळक निवडण्याचा अधिकार मंडळीचाच. परंतु त्याला प्रश्न विचारून, उपदेश करून आणि प्रार्थना करून कामावर रुजू करण्यासाठी शेजारचे पाळक येत, आणि तेच पुढे आयुष्यभर त्याचे वडील, न्यायाधीश व मित्र होत.

हे सख्य सदैव गोडीगुलाबीचे होते, असे मात्र समजू नये. अन्य देशांतील लोकांपर्यंत सुवार्ता नेणे हे आपले कर्तव्य आहे काय, असा प्रश्न तरुण कॅरीने पाळकांच्या एका सभेत काढला असता रायलंडच्या वृद्ध वडिलांनी त्याला खाली बसण्यास फर्माविले, अशी कथा चरित्रकारांनी दिली आहे. धाकट्या रायलंडने ती पुढे खोटी ठरविली, कारण छापून येईपर्यंत ती त्याच्या कानावर कधीच आली नव्हती. पण कथा खरी असो वा नसो, वडीलधाऱ्यांची सावधगिरी खरी होती. १७९१ च्या ईस्टरमध्ये क्लिप्स्टन येथे सट्क्लिफ व फुलर यांची प्रवचने झाल्यावर कॅरीने, आता काहीतरी निश्चित करू या, असा आग्रह धरला, तेव्हा सोबत्यांनी त्याला अगोदर आपले विचार लिहून प्रसिद्ध करण्याचा सल्ला दिला. त्यातून १७९२ ची त्याची ‘एन्क्वायरी’ ही पुस्तिका निघाली, जीत त्याने जगातील देशांची लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते मांडले. मेअखेरीस नॉटिंगहॅमला त्याचे प्रवचन होऊनही दुसऱ्या दिवशी मंडळी पांगू लागली, तेव्हा, यंदाही काही न करताच उठावयाचे काय, असे त्याने फुलरचा हात धरून विचारले. आणि मग, केटरिंगच्या पुढील सभेत योजना सादर व्हावी, असा ठराव झाला.

ती सभा २ ऑक्टोबर १७९२ रोजी बीबी वॉलिस या दिवंगत गृहस्थाच्या विधवेच्या घरी, मागल्या दिवाणखान्यात भरली. जमलेले जेमतेम चौदा जण. बहुतेक खेड्यांतील पाळक, एक विद्यार्थी आणि फुलरच्या मंडळीतील एक सेवक. अन्य देशांत सुवार्ता नेण्यासाठी सोसायटी स्थापन झाली, वर्गणीचे आकडे घालण्यात आले आणि बेरीज भरली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. तीही रोख नव्हे, कबुलीची. वर्गणीदारांच्या यादीत कॅरीचे नाव नाही, कारण द्यावयास त्याच्याजवळ पैसाच नव्हता. रायलंड, सट्क्लिफ, कॅरी, हॉग आणि फुलर अशी पाच जणांची समिती झाली. चिटणीस फुलर झाला. लंडनच्या प्रतिष्ठित पाळकांपैकी बहुतेकांनी या खेडवळ उद्योगापासून आरंभी अंग राखले.

या संकल्पाचे फुलरने पुढे जे वर्णन केले ते बॅप्टिस्टांच्या घरोघरी पोहोचले. कधी कोणी न उतरलेल्या खोल खाणीच्या तोंडाशी काही माणसे विचार करीत उभी राहावी, एकाने, तुम्ही दोर धरीत असाल तर मी उतरतो, असे म्हणावे, आणि उतरण्यापूर्वी, जिवंत असेतो दोर सोडणार नाही, अशी शपथ जणू प्रत्येकाकडून घ्यावी, अशी आपली स्थिती होती, असे तो म्हणे. कॅरी १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाजाने बंगालला निघाला. दोर धरण्याचे काम कसे असते, हे त्यानंतर बावीस वर्षे फुलरने स्वतः दाखवून दिले. केटरिंगच्या सभेच्या सहा आठवडे आधी त्याची पत्नी बुद्धिभ्रमाच्या अवस्थेत वारली होती. त्यापूर्वी सहा वर्षांची मुलगी गेली होती. अशा मनःस्थितीत त्याने बिनपगारी चिटणिशी पत्करली. मंडळीचे काम सांभाळून तो दारोदार वर्गणी मागत हिंडला, पाच वेळा स्कॉटलंडला आणि एकदा आयर्लंडला जाऊन आला, आणि १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या गोटातून, या मिशनऱ्यांना हिंदुस्थानातून परत बोलवा, अशी ओरड झाली तेव्हा कंपनीच्या टीकाकारांना उत्तरे देण्यासाठी त्याने ग्रंथ लिहिला.

परंतु दोर धरणे म्हणजे उतरणाऱ्याच्या प्रत्येक इच्छेला मान डोलावणे नव्हे, हेही या माणसांना ठाऊक होते. बंगालमध्ये कॅरीने निळीच्या कारखान्याची व्यवस्थापकी पत्करली आणि, आता मला तुमच्या पैशाची गरज नाही, असे कळविले, तेव्हा व्यापाराच्या नादाने मूळ कार्य बुडू नये म्हणून समितीने त्याला प्रेमळ पण स्पष्ट इशारा दिला. कॅरीला तो लागला, त्याने आपला खुलासा केला, आणि मैत्री तुटली नाही. याहूनही बोलके उदाहरण सॅम्युएल पियर्सचे. बर्मिंगहॅमच्या कॅनन स्ट्रीट मंडळीचा हा तरुण पाळक सर्वांचा लाडका होता. केटरिंगनंतर लगोलग आपल्या मंडळीतून सत्तर पौंड गोळा करून त्याने समितीला दिले होते. स्वतः हिंदुस्थानात जाण्याची त्याला अनावर तळमळ लागली. तथापि, आपल्या मनाचा कौल हाच ईश्वराचा कौल, असे न मानता त्याने निर्णय सोबत्यांच्या हाती सोपविला. नोव्हेंबर १७९४ मध्ये नॉर्दम्प्टनला समिती बसली आणि, तुझी गरज येथेच अधिक आहे, असा तिने निर्वाळा दिला. पियर्सने तो शिरोधार्य मानला. जिला हुकूम करण्याचा अधिकार नव्हता, अशा समितीचे म्हणणे एका स्वतंत्र माणसाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या इच्छेविरुद्ध मानले. बिशपच्या आज्ञेनेही याहून अधिक काही साधले नसते. १७९९ मध्ये अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी पियर्स क्षयाने गेला, तेव्हा फुलरने त्याचे चरित्र लिहिले आणि त्याचे उत्पन्न त्याच्या विधवेला व मुलांना लावून दिले.

या सख्याला एक आंधळी बाजूही होती. कॅरीची पत्नी डोरोथी मनाविरुद्ध बंगालला आली. तेथे लहानगा मुलगा दगावल्यावर तिच्या मनाचा तोल गेला, आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सावरला नाही. पियर्सच्या जाण्याचा विचार करण्यासाठी समिती बसली. डोरोथीच्या जाण्याचा विचार कोणी इतक्या काळजीने केला, असे दिसत नाही. पाळकांनी पाळकांना सावरले. ज्या स्त्रियांच्या घरी त्यांच्या सभा भरत आणि ज्यांच्या कष्टांवर त्यांचे संसार चालत, त्यांच्यासाठी या वहिवाटीत स्वतंत्र जागा नव्हती.

नॉर्दम्प्टनशायरमध्ये जे मैत्रीच्या रूपाने नांदत होते, त्याला सेरामपूरमध्ये लेखी कराराचे रूप आले. कंपनीच्या मुलखात परवानगी नसल्यामुळे डॅनिश अमलाखालील त्या गावी कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे १८०० पासून एकत्र राहू लागले. एकच पंगत, एकच तिजोरी, आणि शनिवारी संध्याकाळी बैठक, जीत आठवड्यातील रुसवेफुगवे बोलून मिटवावयाचे. १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला करारनामा लिहून काढला आणि खाजगी मिळकत न ठेवण्याचा निश्चय त्यात नमूद केला. फोर्ट विल्यम कॉलेजातील अध्यापकीबद्दल कॅरीला मिळणारा भरघोस पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न आणि वॉर्डच्या छापखान्याचा नफा, हे सारे त्या सामाईक तिजोरीत पडे. मराठी वाचकाला या तिजोरीबद्दल कृतज्ञता वाटावी, असे एक कारण आहे. नागपूरकडील पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने कॅरीने सिद्ध केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये, मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश १८१० मध्ये आणि नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये सेरामपूरहून निघाले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाची घडी अद्याप बसावयाची होती, पेशवाई अद्याप उभी होती, आणि बंगालमधील एका छापखान्यात पंचानन कर्मकाराच्या परंपरेतील कारागीर आमच्या अक्षरांचे खिळे पाडीत होते. कॉलेजचा आश्रय या पुस्तकांना होताच. परंतु छापखाना ज्या विश्वासावर उभा राहिला, त्याचे मूळ केटरिंगच्या दिवाणखान्यात होते.

तो विश्वास कसाला लागला ११ मार्च १८१२ रोजी. सेरामपूरच्या छापखान्याला आग लागून कागद, खिळे आणि कॅरीची हस्तलिखिते भस्मसात झाली. नुकसान दहा हजार पौंडांच्या आसपास होते. पंच आणि मातृका वाचल्याने कारागिरांनी ताबडतोब नवे खिळे पाडण्यास आरंभ केला. बातमी जहाजाने इंग्लंडला पोहोचल्यापासून दोन महिन्यांच्या आत लंडनपासून स्कॉटलंडपर्यंतच्या मंडळ्यांनी सारी रक्कम उभी केली, आणि आता अधिक पाठवू नये, असे कळविण्याची पाळी फुलरवर आली. वीस वर्षांपूर्वी तेरा पौंडांची कबुली देणाऱ्यांच्या हयातीतच हे घडले.

परंतु हयातीला मर्यादा असते. जून १८१४ मध्ये सट्क्लिफ वारला. त्याच्या अंत्यविधीचे प्रवचन फुलरने केले. ७ मे १८१५ रोजी फुलर गेला, आणि जो मागे राहील त्याने दुसऱ्यासाठी बोलावे, या दोघांतील जुन्या करारानुसार, तोवर ब्रिस्टलला राहू लागलेला रायलंड तेथून येऊन बोलला. त्यानंतर जे झाले ते या कहाणीतील सर्वांत कडू, आणि म्हणूनच सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण आहे. समिती मोठी झाली, कारभार हळूहळू लंडनकडे सरकला, आणि सेरामपूरची इमारत व जमीन यांची मालकी कोणाची, हिशेब कोणास द्यावयाचे, असे प्रश्न निघाले, जे फुलरच्या काळी पत्रांतून सुटत असत. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांचे सेरामपूरच्या वडीलधाऱ्यांशी पटेना; ते कलकत्त्यास वेगळे झाले. या तरुणांत कॅरीचा सख्खा पुतण्या युस्टेस कॅरी होता, आणि ज्याने आपली सर्वांत मोठी इच्छा सोबत्यांच्या शब्दाखातर सोडली, त्या सॅम्युएल पियर्सचा मुलगा विल्यम हॉपकिन्स पियर्स हाही होता. १८२५ मध्ये रायलंड वारला, तेव्हा इंग्लंडमधील मूळ सोबत्यांपैकी शेवटचा गेला. १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी कायदेशीरपणे विभक्त झाल्या. कॅरी १८३४ मध्ये गेला. पुनर्मीलनाचा करार लंडनमध्ये झाला तो १८३७ च्या डिसेंबरात, सेरामपूरच्या त्रयीतील शेवटचा मार्शमन ज्या महिन्यात मृत्यू पावला त्याच महिन्यात.

दोष एका बाजूच्या माथी मारून हा प्रसंग उलगडत नाही. सेरामपूरकर हट्टी होते, लंडनकर संशयी होते, तरुण उतावळे होते, हे सर्व खरे आहे; पण मूळ कारण याहून साधे आहे. पहिल्या पिढीने नियम केले नाहीत, कारण त्यांना नियमांची गरज भासली नाही. वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी उतरून, एकमेकांच्या प्रवचनांचे दोष काढून, एकमेकांच्या मुलांना मूठमाती देऊन त्यांनी जो विश्वास कमावला होता, तो हस्तांतरित करण्याजोगा दस्तऐवज नव्हता. दुसऱ्या पिढीला संस्था मिळाली, निधी मिळाला, कीर्ती मिळाली. विश्वास मात्र तिने कमावलेला नव्हता, आणि त्याची उणीव हिशेबाच्या तपासणीने भरून काढण्याचा प्रयत्न करताच भांडण उभे राहिले. बॅप्टिस्टांनी पुढे राष्ट्रीय संघटना बांधल्या. १८१३ मध्येच त्यांचे पहिले सर्वसाधारण मंडळ लंडनमध्ये स्थापन झाले होते. वृद्ध आणि गरीब पाळकांचे निधी अधिक सुव्यवस्थित झाले, आणि ते योग्यच झाले, कारण विधवेचे अन्न मित्रांच्या आठवणीवर अवलंबून राहणे न्याय्य नव्हे.

तथापि, निधी पाळकाला उपासमारीपासून वाचवितो. स्वतःविषयीच्या भ्रमापासून त्याला वाचविणे हे निधीचे काम नव्हे. त्यासाठी, ज्याच्या हाती अधिकार नाही आणि तरीही ज्याचे म्हणणे टाळवत नाही, असा बरोबरीचा माणूस लागतो. तो नेमणुकीने मिळत नाही आणि वारशानेही मिळत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने, दहा-पंधरा मैल चालून जाऊन, आपले अपयश त्याच्यापुढे बोलून आणि त्याचा नकार ऐकून घेऊन मिळवावा लागतो. सट्क्लिफ, फुलर आणि रायलंड यांना हे कष्ट टाळता आले नाहीत, कारण टाळण्याची दुसरी सोयच त्यांच्या पंथाने ठेवली नव्हती. त्यांच्या वारसांना सोय झाली, आणि त्यांना ते टाळता आले, हाच दोन पिढ्यांमधील खरा फरक होय.